बाकड्याचं बहुमत

माणसानं गुडघ्याचं ऑपरेशन खुशाल करावं, पण त्याआधी घराजवळ बसायला जागा आहे का ते पाहून घ्यावं, असं आता माझं ठाम मत झालं आहे. गुडघा माझा नव्हे, मुक्ताचा. मुक्ता म्हणजे माझी बायको. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळ-संध्याकाळ चालायचं, मध्ये पाच मिनिटं बसायचं, परत चालायचं. नाही चाललात तर गुडघा आखडेल, मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही." डॉक्टरांचं काय जातं सांगायला! आमच्या गेवराईच्या कर्मचारी कॉलनीत घरं बेचाळीस, पुढारी साधारण तेवढेच, आणि बसायला जागा एकही नाही. मधल्या मोकळ्या जागेला नकाशात 'उद्यान' म्हटलं आहे. त्या उद्यानात एक लिंबाचं झाड, एक मेलेला हापसा आणि बेशरमाची झुडपं आहेत.

मुक्ताला चालवायचं काम बबितानं घेतलं होतं. बबिता वाहूळ ही शेजारच्या बजरंगरावांच्या माडीवर भाड्यानं राहते, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माझ्या आरडाओरड्यानं जो गुडघा बोटभर वाकला नाही, तो तिच्या "काकू, अजून धाच पावलं"नं वाकायला लागला. प्रश्न एवढाच होता की दहा-दहा पावलं करत दोघी लिंबापर्यंत पोचल्या, की मुक्ताला टेकायला काही नव्हतं. एकदा ती हापशाच्या दांड्यावर टेकली. दांडा खाली गेला आणि मुक्ताही. त्या दिवशी मी ठरवलं, लिंबाखाली एक सिमेंटचं बाकडं टाकायचं.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं लिपिक होतो. माझ्या हाताखालून कालवे गेले आहेत. एक बाकडं म्हणजे माझ्या दृष्टीनं दुपारच्या चहाआधीचं काम. शिवाय बाकडं फुकट मिळत होतं. आमच्या वॉर्डात एक भावी नगरसेवक आहेत. त्यांच्या बॅनरवर नावाआधी 'भावी' हा शब्द सात वर्षांपासून आहे, पण उमेद दांडगी. ते म्हणाले, "एक कावून? चार नेवा की! निस्ता संस्थेचा ठराव आना."

ठरावासाठी मी संस्थेच्या कपाटाशी गेलो तेव्हा कळलं की कार्यकारिणीची मुदत दीड वर्षापूर्वीच संपली आहे. ज्या कार्यकारिणीची मुदत संपली तिला ठराव करता येत नाही. ठरावासाठी कार्यकारिणी हवी, कार्यकारिणीसाठी निवडणूक हवी. म्हणजे बायकोला पाच मिनिटं बसवण्यासाठी मला निवडणुकीला उभं राहणं भाग होतं. मी उभा राहिलो.

समोर आबासाहेब होते, मावळते अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. आमचं अकरा वर्षं बोलणं नाही. त्यांच्या शेवग्याची फांदी माझ्या अंगणात आली होती, तिच्या शेंगा कुणाच्या यावर आम्ही एकदा जे बोललो ते शेवटचं. नऊ जागा. माझं 'प्रगती पॅनल', त्यांचं 'विकास पॅनल'. दोन्ही जाहीरनाम्यांत रस्त्यावरचे दिवे, गटार आणि बोअरची मोटार हेच होतं, कारण कॉलनीत बिघडलेलं दुसरं काही नव्हतं. तिसरा एकटाच होता. अभिमन्यू. वय चौतीस, बायपासला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान, वडील संस्थेचे संस्थापक सभासद. त्याच्या पॅनलचं नाव 'मूळ सभासद स्वाभिमान मंच'. त्याचं म्हणणं असं की कॉलनीत जे काही बिघडलंय ते बाहेरून आलेल्यांमुळे. बोअरची मोटार जळाली होती ती बजरंगरावांनी उलटी तार जोडल्यामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याच्या सभेला टाळ्या पडल्या. आम्ही हसलो. पोरगं आहे, म्हणालो. शिवाय पोरगं मोठं संस्कारी. भेटलं की आधी वाकून पाया पडायचं.

निकाल लागला. आमचे पाच, आबासाहेबांचे तीन, अभिमन्यू एक. स्पष्ट बहुमत! मुक्तानं शिरा केला.

शिरा गिळायच्या आत बजरंगराव आले. ते माझ्याच पॅनलमधून निवडून आले होते. कानाशी लागून म्हणाले, "आप्पा, अध्यक्षाची निवड आईतवारी हाय. मधी पाच दिवस हायेत. मान्सं न्यावी लागतील."

"कुठं?"

"सहलीला. फोडतील न्हाई तर."

"अहो, आपल्याकडं बहुमत आहे."

"बहुमत हाय म्हनूनच फोडतील. नसतं तं कोन कशाला फोडलं असतं?"

मोठमोठ्या सभागृहांचे लोक हेच करतात, तर आपण कोण लागून गेलो, असं म्हणून मी एक जीप केली आणि माझं बहुमत तुळजापूर-अक्कलकोटला निघालं. बहुमताचं सरासरी वय सदुसष्ट होतं. दोघांना मधुमेह, एकाला दर पन्नास किलोमीटरला उतरावं लागे. मांजरसुंब्याच्या पुढं मी सगळ्यांचे मोबाईल गोळा केले, तेव्हा परमेश्वरराव रडवेले झाले. परमेश्वरराव म्हणजे आमचा सर्वांत गरीब सभासद, चौथ्या गल्लीचे. त्यांचा मोबाईल मी दयेनं परत दिला.

इथं माझी जी चूक झाली ती आमच्या कॉलनीबाहेरच्या माणसाला समजायची नाही. संस्थेच्या बोअरचं पाणी गल्लीवार पाळीनं येतं. चौथ्या गल्लीची पाळी आठव्या दिवशी, सकाळी सात ते आठ. पाळी हुकली की पुढचे आठ दिवस शेजाऱ्याचं तोंड पाहायचं. मी पंचांग पाहून मुहूर्त काढला, अमावस्या टाळली, आणि पाण्याची पाळी पाहिली नाही. तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत परमेश्वररावांचा फोन वाजला. पलीकडून त्यांची बायको शिवकन्या इतक्या जोरात बोलत होती की पुजाऱ्यानंही वळून पाहिलं. "द्येव पळून चाललाय का? उद्या पाळी हाय, अन् टाकीत थेंब न्हाई! मोटार काय माझा बाप लावनार हाय?"

आम्ही प्रसाद घेऊन वळलो तर परमेश्वरराव नव्हते. चपला तेवढ्या राहिल्या होत्या. ते अनवाणी एसटीत बसून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते टाकीवर नळी धरून उभे असताना आबासाहेब तिथं गेले. फोडाफोडी म्हणावी असं काही घडलं नाही. आबासाहेबांनी फक्त वॉल्व्ह अर्धा तास जास्त उघडा ठेवायला सांगितला. परमेश्वररावांची टाकी भरली, हौद भरला, घागरी, बादल्या, कढया भरल्या. इतकं पाणी पाहून माणूस विरघळतोच. आम्ही अक्कलकोटहून परतलो तेव्हा आकडे असे होते: आम्ही चार, आबासाहेब चार, अभिमन्यू एक.

त्या संध्याकाळी बायपासवरच्या हॉटेलात अभिमन्यूनं मला बोलावलं. पडदा लावलेल्या केबिनमध्ये बसून तो आधी माझ्या पाया पडला, भजी मागवली, मग "आलोच" म्हणून शेजारच्या केबिनमध्ये गेला. पलीकडून जो खोकला आला तो मी अकरा वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होतो. आबासाहेब! पोरगं एका वेळी दोन केबिनमध्ये भजी खात होतं. मी खोकलो नाही. माझ्या स्वाभिमानानं परवानगी दिली नाही.

तो परत आला. "काका, अध्यक्ष तुमीच. मला काय बी नको. सचिव करा, अन् एकच अट."

"बोल."

"बाकड्याच्या पाठीवर एक ओळ टाकायची. 'फक्त मूळ सभासदांसाठी'."

"अरे, मग भाडेकरूंनी?"

"मी कुनाचं नाव घेतलं का? न्हाई घेतलं."

खरंच, नाव त्यानं घेतलं नव्हतं. कॉलनीत भाडेकरूंची सात घरं. त्यांतली कुठली दोन त्याच्या डोळ्यांसमोर आहेत हे मला लगेच कळलं. एक बबिताचं, दुसरं शेख म्हणून कृषी सहायक आहेत त्यांचं. मला कळलं हेही त्याला कळलं. मी भज्याकडं पाहिलं. मनात म्हटलं, रंगच तर आहे. एकदा अध्यक्ष झालो की पुसून टाकू. सरकारं अशीच चालतात, थोडं त्यांचं, थोडं आपलं. आणि पलीकडून पुन्हा खोकला आला तशी मी हो म्हणालो.

घरी येऊन मुक्ताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "मग बबितानं कुटं बसायचं?"

"अगं, कागदावरचं असतं ते. कोण पाळतंय!"

"कागदावर कुटं? बाकड्यावर लिवायलाव की."

रविवारी मी अध्यक्ष झालो, ठराव झाला आणि बाकडं आलं. मी नारळ फोडला. पाठीवर वरच्या बाजूला भावी नगरसेवकांचं सौजन्य, खाली लाल अक्षरात ती ओळ. रंग अभिमन्यूनं नंबरप्लेटवाल्याकडून मारून घेतला होता. "डबल हात मारलाय, काका," तो कौतुकानं म्हणाला, "पंधरा वर्सं हलायचं न्हाई." सकाळी बँकेचे मॅनेजर, तेही भाडेकरूच, बाकड्यावर पेपर वाचत बसले. अभिमन्यूनं विचारलं, "साहेब, च्या सांगू का?" संध्याकाळी बबितानं मुक्ताला हात देऊन बसवलं आणि स्वतः टेकली. अभिमन्यू गाडीवरून उतरला, हसला, आणि काही न बोलता बोटानं ती ओळ दाखवली.

बबिता उठली. तिच्यामागोमाग मुक्ताही उठली. हात न टेकता, कुणाचा आधार न घेता, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मी अध्यक्ष म्हणून तिथंच चार पावलांवर उभा होतो. मी म्हणालो, "वा! गुडघा चांगलाच सुधारला की." मुक्तानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मी चौतीस वर्षांत एकाही कार्यकारी अभियंत्याची पाहिली नव्हती.

यानंतर सगळं उताराला लागलं. अभिमन्यूनं भाडेकरूंसाठी एक रजिस्टर काढलं. त्यात नाव, गाव, आडनाव आणि 'इतर माहिती' असे रकाने होते. 'इतर'मध्ये काय लिहायचं हे त्यानं सांगितलं नाही, सगळ्यांनी आपापलं ओळखलं. मी विरोध करणार होतो, पण युती टिकवायची होती. मग आबासाहेबांनी पत्रक काढलं की मूळ सभासदांचा खरा कैवारी विकास पॅनलच आहे आणि त्यांना हे १९९४ पासून सुचलं होतं. आता आपण मागं पडू, असं बजरंगराव म्हणाले. म्हणून आम्हीही एक पत्रक काढलं: 'प्रगती पॅनल, सर्वांत मूळ'. मसुदा माझा होता. भाषा चांगली उतरली होती, याची मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात आमच्या पॅनलमधला एक जण पुण्याला मुलाकडं राहायला गेला, आबासाहेबांच्यातलाही एक गेला. निवृत्त माणसं शेवटी पुण्यालाच जातात. दोन जागांची पोटनिवडणूक लागली. आम्ही दोघांनीही अभिमन्यूचंच बोलणं जरा सभ्य शब्दांत बोलून मतं मागितली. लोकांनी विचार केला की अस्सल समोर असताना नक्कल कशाला घ्या? दोन्ही जागा मंचाच्या आल्या. पाठोपाठ बजरंगराव मंचात गेले. "आप्पा, तुमच्याबद्दल आदर हायेच," म्हणाले, आणि त्याच दिवशी घरमालक म्हणून माडीवरची बबिताची पाण्याची पाळी निम्मी केली. परमेश्वररावही गेले. त्यांना आता एक तास ज्यादा पाणी होतं. एकाचे पाच झाले. आम्ही दोन, आबासाहेब दोन.

बबिता चालायला येईनाशी झाली. ड्यूटी बदलली, म्हणाली. मुक्ता एकटी बाहेर पडेना. पंधरा दिवसांत गुडघा पुन्हा धरला. रात्री कूस बदलताना ती तोंडात पदर धरायची, म्हणजे मला ऐकू जाऊ नये. मला ऐकू जात होतं.

मग आमसभा भरली. विषय एकच: मूळ सभासदांची अंतिम यादी. अभिमन्यूनं आधी माझ्या पाया पडून घेतलं, मग यादी उघडली. नियम असा की १९९४ च्या पहिल्या यादीत ज्याचं नाव तो मूळ. मी प्लॉट २००३ साली दुसऱ्याकडून घेतलेला. "काका हस्तांतरित गटात येतात," त्यानं आदरानं वाचलं. आबासाहेब मिशीत हसले. पुढचं नाव त्यांचं होतं. यादीत त्यांचा प्लॉट होता, पण त्यांच्या सौभाग्यवतींच्या नावानं. म्हणजे मूळ त्या, आणि आबासाहेब नुसते त्यांच्याकडं राहणारे. तेवढ्यात बाहेर भिवराबाईंची म्हैस ओरडली. ही कॉलनी ज्यांच्या रानात पडली त्या घरची ही म्हातारी कडेला पत्र्याच्या घरात राहते, दूध घालते. ती रेडकू शोधत आली होती. कंबरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "माझ्या सासऱ्याच्या जवारीच्या वावरात बसून तुमी मूळ कोन ते ठरवायलाव व्हय?"

अभिमन्यूनं इतिवृत्तात नोंद केली: 'सदर महिला सभासद नसल्याने मुद्दा फेटाळण्यात आला.'

पाच विरुद्ध चारनं माझ्यावरचा अविश्वास ठराव पास झाला. परतताना पाय दमले म्हणून मी सवयीनं बाकड्याकडं वळलो आणि ती ओळ वाचून थांबलो. माझ्या बायकोसाठी, माझ्या खटपटीनं, माझ्या सहीनं आलेलं बाकडं! मी हापशाच्या दांड्यावर टेकलो. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

कपडे झटकून मी सरळ बजरंगरावांच्या माडीचा जिना चढलो. घरात भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरी. बबितानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या मोजक्या घागरींतलं पाणी मी थेंब न सांडता प्यालो.

"बबिता, काकूचा गुडघा आखडलाय," मी म्हणालो. "तू चल."

"काका, त्या दिवशी तुमी तितंच हुबे होते."

"होतो."

"काय बी बोलले न्हाईत."

"नाही बोललो. चुकलं माझं." एवढं म्हणायला मला सात महिने आणि एक अविश्वास ठराव लागला होता.

"मी येते. पन एकच अट हाय." हे शब्द ऐकून मी दचकलोच. "ती वळ तुमी सोता पुसायची. रातच्याला चोरून न्हाई. लोक दारात बसल्यावर."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला, सगळी कॉलनी ओट्यांवर चहा घेत असताना, मी थिनरची बाटली, फडकं आणि भाजी चिरायची सुरी घेऊन निघालो. इतका लांब रस्ता मी आयुष्यात चाललो नाही. थिनरनं रंग नुसता पसरला. मग सुरीनं खरवडायला घेतलं. रंगच तो, पुसून टाकू, असं मी भजी खाताना मनात म्हटलं होतं. 'फक्त' काढायला मला पाऊण तास लागला.

अभिमन्यू आला. वाकून पाया पडला आणि मग मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागला. "काका, संस्थेच्या मालमत्तेचं इद्रुपीकरन हाय हे. नोटीस काढावी लागंल."

"काढ. मसुदा मला दाखव, तुझ्या नोटिशीत चुका असतात."

माझ्या बोटाला फोड आला होता. तेवढ्यात शेजारी कुणी तरी खोकलं. आबासाहेब. हातात खुरपं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, माझ्याकडं न बघता.

"तुम्ही तिकडून चालू द्या. मी 'साठी'कडून येतो."

"शेवग्याच्या शेंगा..." मी सुरुवात केली.

"आधी हे," ते म्हणाले आणि गुडघ्यावर बसले. दोघांचे मिळून चार, समोर पाच. बहुमत अजून त्यांच्याकडंच होतं आणि अभिमन्यूचा व्हिडिओ चालूच होता. आम्ही खरवडत राहिलो.

'मूळ'ला हात घातला तेव्हा मागून आवाज आला, "काकू, अजून धाच पावलं." मी वळून पाहिलं नाही, मोजलं. दहाची बारा झाली, पण दोघी आल्या. बबितानं हात दिला, मुक्ता बसली. तिच्या शेजारी बबिता बसली, चांगली ऐसपैस, पाठ टेकून. पाठीमागं आम्ही दोन माजी अध्यक्ष अक्षरं खरवडत होतो.

"अहो," मुक्ता मागं न बघता म्हणाली, "खरवडा खुशाल, पन आमच्या डोक्यावर कचरा पाडू नका."

मग आम्ही जरा हळू खरवडायला लागलो.